सिकलसेलचं डे-केअर, उत्तर नागपूर : साडेतीन स्टार, आणि दीड का कापला ते

साडेतीन स्टार देऊन राहिली, पाचपैकी. उपचार म्हणाल तर गोळ्या इथंही त्याच ज्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सलाईन तेच, फॉलिक ॲसिड तेच. मग घरून निघून, मेट्रो करून, वरून ई-रिक्षा करून इतक्या लांब कशाला जायचं, असं आमच्या भाऊजींनी पण विचारलं होतं. त्याचंच उत्तर लिहिते, जरा लांबेल, ज्यांच्या घरी हा आजार आहे ते वाचतील पूर्ण.

केंद्राचं नाव टाकत नाही. ट्रस्टचं छोटंसं आहे, खाली तक्रारी पण लिहिल्या आहेत, आणि तिथल्या पोरींच्या नोकरीवर यावं असं मला वाटत नाही. उत्तर नागपुरात राहणाऱ्या कोणत्याही आशाताईला विचारा, ती पत्ता सांगेल.

तर माझ्या बहिणीची दोन्ही पोरं एसएस. विदर्भात हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत पण पुण्या-मुंबईचं कोणी वाचत असेल तर सांगते, एएस म्हणजे वाहक, आईकडून किंवा बापाकडून एकच बिघडलेला जीन आला, माणूस एरवी धडधाकट असतो. एसएस म्हणजे दोन्हीकडून आला, तो आजार. मी आठवी-नववीला सायन्स शिकवते, हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसतं हे मला पाठ आहे, ११ नंबरच्या गुणसूत्रावरची एका अक्षराची गडबड, तेवढ्यानं ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते, बारीक नसांमध्ये अडकते. चांगली लाल पेशी १२० दिवस जगते, यांची १० ते २० दिवसांत संपते. म्हणून एचबी नेहमी सात-आठच्या घरात, डोळे पिवळे, आणि गावात लोक म्हणतात कावीळ झाली, झाडून आणा.

आता गंमत बघा. आईबाप तेच, आजार तोच, बिघडलेला जीन अक्षरशः तोच. मोठी भाची वीस वर्षांची, माझ्याकडे राहून कॉलेज करते, तिला वर्षभर काही ना काही चालूच, कंबर, मांड्या, छाती, दोनदा रक्त चढवलं. धाकटा पंधराचा, गावाकडे रामटेकच्या पुढे राहतो, क्रिकेट खेळतो, कधीतरी पाय दुखला तर दुखला. हे काहून, याचं प्रत्येकाचं आपलं आपलं उत्तर तयार होतं. आजी म्हणे नजर. भाऊजी म्हणे पोरगी मनावर घेते. ताई म्हणे शहराचं पाणी मानवत नाही. आणि आधी ज्या मोठ्या दवाखान्यात जायचो तिथले डॉक्टर म्हणायचे, जेनेटिक आहे हो, याला काही इलाज नाही, पेनकिलर घ्या.

या केंद्रात पहिल्या वेळेस गेलो तेव्हा रक्त घ्यायच्या आधी एक फॉर्म भरून घेतला, चांगला तीन पानी. तुम्ही घरी कितव्या मजल्यावर राहता, नळ घरात आहे की खाली, पाणी कोण भरतं, संडास कुठं आहे, कॉलेजात दिवसभरात किती वेळा पाणी पितेस, कूलर खाटेपासून किती दूर आहे, रात्री झोप कितीची, पाळी नियमित आहे का, घरात कोणाचं कर्ज आहे का, आजाराबद्दल घराबाहेर कोणाकोणाला माहीत आहे, मागच्या महिन्यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली. भाऊजी तिथंच चिडले, म्हणे आपण रक्त तपासायला आलो का जनगणनेला. मला पण वाटलं की बाप्पा आता एवढ्यात जेवायची वेळ होईल. पण फॉर्म भरणारी जी समुपदेशक ताई आहे ना, तिनं एकही प्रश्न वाया जाऊ दिला नाही, नंतर डॉक्टरांच्या टेबलावर तोच कागद रक्ताच्या रिपोर्टच्या शेजारी ठेवलेला होता आणि डॉक्टर दोन्हीकडे बघून बोलत होते. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

रिपोर्टची गोष्ट आधी सांगते. दोघांचं एचपीएलसी केलं, म्हणजे रक्तात कोणत्या प्रकारचं हिमोग्लोबिन किती ते मोजणारी तपासणी. धाकट्याचं एचबीएफ, म्हणजे बाळाचं हिमोग्लोबिन जे जन्मानंतर कमी होत जातं, ते २४ टक्के निघालं, मोठीचं १३. हे एचबीएफ जितकं जास्त तितक्या पेशी कमी वाकतात. डॉक्टर म्हणाले की सिकलचा जीन दोघांचा एक असला तरी एचबीएफ किती टिकून राहील हे ठरवणारे दुसरे जीन आहेत, एक २ नंबरच्या गुणसूत्रावर, एक ६ नंबरच्या, शिवाय आजाराची तीव्रता बदलणारा अल्फा थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या साखळीच्या कमतरतेचा, भाग १६ वर, ते भावंडांमध्ये वेगवेगळे वाटले जातात. म्हणजे नशिबाचा फासा पोरगा जरा बरा घेऊन आला. ऐकून ताईच्या चेहऱ्यावर जरा हलकं वाटलं कारण इतके दिवस ती स्वतःला दोष देत होती की आपणच पोरीकडे लक्ष दिलं नाही.

पण डॉक्टर तिथं थांबले नाहीत. म्हणाले हा झाला एक भाग, आता बाकीचं बघू.

आणि बाकीचं म्हणजे पाणी. सिकलसेलमध्ये किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणजे शरीरातलं पाणी वाचवायची सोयच बिघडलेली असते, जास्त लघवी होते, पाणी लवकर कमी होतं, पाणी कमी झालं की पेशीच्या आत हिमोग्लोबिन दाटतं आणि ती आणखी वाकते. म्हणून यांना बाकीच्यांपेक्षा जास्त पाणी पाहिजे. हे सगळं जीनचं काम. आता पुढचं जीनचं नाही. पोरगी सकाळी आठला निघते, कॉलेजच्या लेडीज संडासला कडी नाही, पाणी नाही, म्हणून ती दुपारी तीनपर्यंत पाणीच पीत नाही. तिच्या मैत्रिणी पण पीत नाहीत, पण त्यांची किडनी सांभाळून घेते, हिची नाही घेत. मी स्वतः शाळेत आहे, मला माहीत आहे की सातवीपासून पुढच्या अर्ध्या पोरी घरून भरून आणलेली बाटली तशीच भरलेली परत नेतात, विचारलं तर हसतात. धाकटा मात्र मैदानात कुठंही उभा राहतो, त्याला पाणी प्यायची भीती नाही. एवढा साधा फरक. रिपोर्टमध्ये हा कुठं दिसणार?

मग नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात नवतपा लागला की ४५ च्या वर जातं, माझ्या घरी कूलर एकच, आणि सगळे त्याच्या तोंडासमोर झोपतात. पाण्याचा थंडगार झोत रात्रभर अंगावर, त्यात दिवसभर पाणी कमी, पहाटे तीन-चारला दुखायला सुरुवात. डॉक्टरांनी कूलर बंद करा म्हटलं नाही (म्हटलं असतं तर मी तिथंच उठले असते), म्हणाले खाट झोतातून बाजूला घ्या, अंगावर सुती चादर, झोपताना पाणी पिऊन झोपा आणि उशाशी बाटली ठेवा. थंडीत गार पाण्यानं आंघोळ नको. पावसाळ्यात ओले कपडे अंगावर सुकवू नका. यात पैसा जात नाही, पण कोणी आमचं घर विचारल्याशिवाय हे सांगू शकलं नसतं.

आता दुखण्याचं. वाकलेल्या पेशी नसांमध्ये अडकून एकाएकी जे भयंकर दुखणं उठतं त्याला क्रायसिस म्हणतात, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळत नाही. मागे एकदा रात्री एका दवाखान्याच्या कॅज्युअल्टीमध्ये नेलं होतं, पोरगी ओरडून राहिली, हाडं फुटून राहिली म्हणे, आणि ड्युटीवरचा पोरगा डॉक्टर मला बाजूला घेऊन विचारतो, घरी काही भांडण झालं का, परीक्षा आहे का, एक्स-रे तर नॉर्मल आहे. त्याचा रोख समजला मला. एक्स-रेमध्ये क्रायसिस दिसेलच असं नसतं, नसांमध्ये पेशी अडकल्या आहेत, हाड मोडलेलं थोडीच आहे. त्या रात्रीनंतर पोरगी दुखणं सांगायचंच बंद झाली, चादर तोंडात धरून पडून राहायची, आणि सांगितलं नाही म्हणून औषध उशिरा, उशिरा म्हणून दुखणं लांबलं.

या केंद्रात आधी विचारतात शून्य ते दहामध्ये किती. ती जे सांगेल ते लिहितात. नऊ म्हटलं तर नऊ लिहितात, भुवया उडवत नाहीत, आणि पेनकिलर सुरू करतात, सलाईन लावतात, ऑक्सिजन बोटावर तपासतात, छाती दुखते का विचारतात कारण छातीचं क्रायसिस जिवावर बेतू शकतं. या एका गोष्टीसाठी मी अर्धा स्टार जास्त दिला आहे.

पण परीक्षेचं काय, हा प्रश्न त्या पोरगा डॉक्टरनं विचारला त्याचं मला आता वेगळं वाटतं. प्रश्न चूक नव्हता, विचारायची नियत चूक होती. समुपदेशक ताईनं पण परीक्षेचंच विचारलं, पण असं, की परीक्षेच्या आधीच्या दिवसांमध्ये झोप कशी असते, दुखेल अशी भीती किती वाटते. मग सांगितलं की ताण आला की शरीर हातापायांच्या बारीक नसा आवळून घेतं, सगळ्यांचंच घेतं, तुमचं माझं पण, पण ज्याच्या रक्तात वाकलेल्या पेशी फिरून राहिल्या त्याला आवळलेली नस म्हणजे आणखी अडकणं. लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी तर सिकलसेलच्या पेशंटवर मोजून बघितलंय, दुखणार आहे एवढं नुसतं मनात आलं तरी बोटातला रक्तपुरवठा कमी होतो. म्हणजे भाऊजींचं "मनावर घेते" हे अर्धं बरोबर निघालं! फक्त ते त्याला दोष म्हणून सांगत होते आणि ही बाई त्याला इलाजाची जागा म्हणून सांगत होती.

आता हे सगळं जोडून पाहा. किडनी पाणी धरत नाही, संडास घाण म्हणून पोरगी पाणी पीत नाही, त्यानं क्रायसिस येतं, क्रायसिसनं पेपर बुडतो, पुढच्या पेपरची धास्ती बसते, धास्तीनं झोप उडते आणि नसा आवळतात, की पुन्हा क्रायसिस. यात जीन कुठं संपला, कॉलेजचा संडास कुठं सुरू झाला आणि मन कुठून मधात आलं? मी डॉक्टरांना सरळ विचारलं की यात कशाचे किती टक्के. ते म्हणाले मॅडम अशी वाटणी करता येत नाही, तुम्ही पोळी खाता तेव्हा कणीक किती टक्के आणि तवा किती टक्के असं सांगता येतं का. पटलं मला.

पोरीला एक वही दिली. रोज चारच गोष्टी लिहायच्या, झोप, पाणी, मनाचा त्रास, दुखणं, शेवटच्या दोन शून्य ते दहामध्ये. पहिले तिनं नाटकं केली, पण नंतर तिला स्वतःलाच दिसायला लागलं की दुखणं एकदम आकाशातून पडत नाही, दोन दिवस आधी पाणी कमी नाहीतर झोप कमी असतेच. वहीमुळे ती कॉलेजच्या मॅडमशी जाऊन बोलली आणि त्यांनी स्टाफचा संडास वापरायला दिला. एवढं करायला बाहेरच्या माणसानं वही द्यावी लागली. श्वासाचे व्यायाम पण शिकवले, ते ती करते की नाही मी विचारत नाही.

औषधाचं पण सांगते कारण यातही तीच गंमत आहे. हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल एचबीएफ वाढवते, म्हणजे जे धाकट्याला जन्मतः मिळालं ते मोठीला थोडंफार गोळीनं मिळतं. अमेरिकेत १९९५ साली छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात, गोळी घेणाऱ्यांना वर्षाला मध्यम हिशोबानं २.५ क्रायसिस आले आणि न घेणाऱ्यांना ४.५. आणि आपल्या नागपुरातच लहान मुलांवर कमी डोसचा, वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम, असा अभ्यास झाला, ६० मुलांवर, २०१२ ला प्रसिद्ध झाला, आणि त्या कमी डोसनं पण फायदा दिसला. म्हणजे औषध आहे, स्वस्त आहे, सरकारीत फुकट पण मिळतं. तरी आमच्या पोरीला ते उशिरा सुरू झालं, कारण कोणीतरी मोबाईलवर शोधून ताईला सांगितलं की हे कॅन्सरचं औषध आहे आणि पोरीच्या जातीला देऊ नका, पुढे मूल होणार नाही. कॅन्सरमध्ये वापरतात हे खरं आहे. गरोदरपणात आणि मूल व्हायच्या तयारीत असताना डॉक्टरांना विचारून थांबवायचं असतं, बाई असो की माणूस, हेही खरं आहे. पण त्यावरून वयात आलेल्या पोरीला वर्षानुवर्षं दुखत ठेवायचं हा हिशोब कुठला? पोराला मात्र गरज लागली असती तर दुसऱ्या दिवशी सुरू केलं असतं, हे मी ताईच्या तोंडावर बोलले आहे म्हणून इथंही लिहिते. डॉक्टरांनी शांतपणे पाऊण तास दिला ताईला, रक्त दर महिन्याला तपासायचं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी झाल्या तर डोस कमी करायचा, सगळं कागदावर लिहून.

फरक पडला का? पडला. आधीपेक्षा क्रायसिस उशिरा उशिरा येतात, दुखलं तरी घरीच निभतं बरेचदा. गोळीनं, पाण्यानं की समुपदेशनानं, ते डॉक्टर स्वतःच म्हणतात की तिन्ही एकदम सुरू केलं, श्रेय वेगळं काढू नका.

लग्न जुळवताना बघतात त्या सिकलसेलच्या कार्डांबद्दल लिहायलाच पाहिजे. इथं वाहकाला पिवळं कार्ड आणि आजार असेल तर लाल कार्ड देतात. दोघं एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची, दोन वाहकाच्या, एक अगदी साफ. एक एसएस आणि दुसरा अगदी साफ असेल तर सगळी मुलं वाहक होतील पण आजारी एकही नाही. हे गणित मी वर्गात फळ्यावर काढते, पोरं चटकन समजतात. मोठ्यांना समजायला वेळ लागतो कारण मधात इज्जत येते. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ ला शहडोलहून मिशन सुरू केलं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, चांगलंच आहे. पण कार्ड हातात आलं की आमच्याकडे पहिला प्रश्न पोरीलाच विचारला जातो, पोराचं कार्ड कोणी मागत नाही. एका ओळखीच्या पोरीचं नुसतं वाहक निघालं म्हणून ठरलेलं मोडलं, पोराची तपासणी केलीच नाही! समुपदेशक ताई दोन्ही बाजू एकत्र बसवते आणि पोराची सोल्युबिलिटी टेस्ट (रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगणारी साधी तपासणी) झाल्याशिवाय बोलणंच सुरू करत नाही. हे मला फार आवडलं. दोघं वाहक असून लग्न करणारच असतील तर गर्भाची तपासणी तिसऱ्या महिन्याच्या आसपास होते, ती कुठं, केव्हा, हेही सांगते, रागावत नाही.

आणि जातीचं. वेटिंग हॉलमध्ये एक काका मोठ्यानं म्हणाले हा अमुक समाजाचाच आजार आहे. डॉक्टर केबिनमधून बाहेर आले, तिथंच सगळ्यांना सांगितलं की हा जीन आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे, आपल्या देशात पहिल्यांदा १९५२ ला निलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदला गेला, विदर्भात गोंड, बौद्ध, कुणबी, तेली सगळ्यांमध्ये सापडतो. मलेरिया होता तिथं तिथं वाहकांना थोडं संरक्षण मिळालं, १९५४ ला ॲलिसन नावाच्या डॉक्टरनं ते दाखवलं, म्हणून जंगलपट्ट्यात हा जीन टिकला, आणि आपण आपल्याआपल्यातच लग्नं करत राहिलो म्हणून दोन बिघडलेले जीन एकत्र यायचं प्रमाण वाढलं. डास आणि सोयरीक, दोन्हीनं मिळून केलेलं काम आहे हे, जात रक्तात नसते. काका गप्प बसले, पटलं की नाही माहीत नाही.

इथून जरा विषय सोडून बोलते. आमच्या स्टाफरूममध्ये एकानं लाळेचा नमुना पाठवून हजारो रुपयांचा जीन रिपोर्ट मागवला, त्यात लिहून आलं शुगरचा धोका जास्त. तेव्हापासून गडी म्हणतो नशिबातच आहे तर तर्री पोहे काहून सोडू. अरे, एका जीनचा आजार भावंडात इतका वेगळा निघतो, तर शुगरमध्ये तर शेकडो जीन, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. अमेरिकेतला २००२ चा मोठा अभ्यास आहे, शुगर व्हायच्या काठावरच्या लोकांमध्ये चालणं आणि वजन कमी करणं यानं धोका ५८ टक्के कमी झाला, गोळीनं ३१. आणि त्याच लोकांचे जीन २००६ ला तपासले, तर ज्यांच्यात सगळ्यात धोक्याचा जीन होता त्यांनाही चालण्याचा फायदा झालाच. पण चालायला फुटपाथ पाहिजे, संध्याकाळी सहाला सुटणारी नोकरी पाहिजे, आणि मन ठिकाणावर पाहिजे, ते रिपोर्टमध्ये येत नाही. असो.

आता तक्रारी, ज्यांनी दीड स्टार खाल्ला.

सगळ्यात मोठी, संडास. इतकं पाणी प्या पाणी प्या म्हणून भिंतीवर पोस्टर लावलेत, आणि लेडीज संडास एकच, त्याला कुलूप, किल्ली रिसेप्शनवर, मागायला गेलं की रांगेतले सगळे बघतात. हे मी लिहून पण दिलं सूचनापेटीत. जिथं फॉर्ममध्ये संडास विचारता तिथं स्वतःचा उघडा ठेवा ना बाई.

दुसरी, नाव पुकारायची पद्धत. रिसेप्शनवरचा मुलगा जोरात ओरडतो, "एसएसवाले इकडे, एएसवाले तिकडे." हॉलमध्ये सोयरीक बघायला आलेली माणसं पण बसलेली असतात. नंबर द्या, नंबर पुकारा, खर्च शून्य.

तिसरी, वेळ. सकाळी दहा ते एक. रोजी बुडवल्याशिवाय येताच येत नाही. माझ्यासमोर एक बाई होत्या, धुणीभांडी करतात, चार घरं बुडाली म्हणून दर महिन्याची रक्ततपासणी टाळतात, आणि मग डॉक्टर म्हणतात पेशंट नियमित नाही. आठवड्यात एक दिवस संध्याकाळी उघडलं तर अर्ध्या लोकांचा प्रश्न सुटेल. आणि क्रायसिस बहुतेक रात्री येतं, रात्री हे बंद, म्हणजे पुन्हा त्याच कॅज्युअल्टीत. निदान एक पत्र द्यावं पेशंटच्या हाती, की हा सिकलसेलचा आहे, दुखणं खरं आहे, अमुक औषध चालतं. मी मागितलं तर दिलं, पण मागावं लागलं.

चौथी लहान आहे, समुपदेशक एकच. ती सुट्टीवर असली की हे केंद्र बाकीच्या कोणत्याही दवाखान्यासारखंच होऊन जातं, रक्त घ्या, गोळ्या घ्या, चला. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी साडेतीन दिले ती सगळी एका बाईच्या खांद्यावर आहे, आणि तिचा पगार किती असेल ते तिच्या चपलेवरून कळतं.

खर्च जास्त नाही. केसपेपर ५० रुपये वर्षभरासाठी, तपासणीचे पैसे बाहेरच्या लॅबपेक्षा बरेच कमी, ज्याच्याकडे नाहीत त्याला कमी करून देतात, त्यासाठी वाद घालावा लागत नाही. लहान मुलांना न्यूमोकोकलची लस राहिली असेल तर आठवणीनं विचारतात, आणि आईला पांथरी हातानं तपासायला शिकवतात, एकाएकी वाढली आणि पोरगं पांढरंफटक पडलं तर लगेच पळायचं.

जायचं असेल तर जुने सगळे रिपोर्ट न्या, विशेषतः एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा, नुसती सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह असा कागद असेल तर त्यावरून एएस की एसएस ते कळत नाही, पुन्हा करावी लागेल. आधार कार्ड लागतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, त्याच्या प्रमाणपत्राचा फॉर्म कसा भरायचा ते इथं सांगतात, एसटीच्या सवलतीचं पण विचारून घ्या. सोबत घरातला तो माणूस न्या जो निर्णय घेतो, नाहीतर घरी जाऊन पुन्हा सगळं समजावत बसावं लागतं. पाण्याची बाटली घरून न्या, तिथल्या फिल्टरचं पाणी उन्हाळ्यात कोमट असतं. गुरुवारी जाऊ नका, समुपदेशक ताई त्या दिवशी गावांच्या कॅम्पला जाते.